मेथी न खाणारी आमची प्राची

बाकीच्या धंद्यात माल पडून राहतो. आमच्याकडे माल टिकत नाही, किस्से पडून राहतात. माझी मावशी, जिला जळगावच्या मेहरूणमध्ये लहानथोर सगळेच अक्का म्हणतात, घरी मेथीचे लाडू करून विकते. मी पॅकिंग करतो, डिलिव्हरी करतो, फोन उचलतो आणि व्हॉट्सॲपवर 'नमस्कार, आपली ऑर्डर मिळाली' असं अतिशय गंभीर चेहऱ्याने टाइप करतो. मेथी खाणाऱ्या माणसांशी रोज बोलावं लागलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते स्वतः गेटपाशी येतात आणि बेल वाजवतात.

आधी एक सांगून टाकतो. मेथीत दम आहे! मी विकतो म्हणून नाही. दाण्यात फायबर भरपूर, भाजीत लोह, पोटाला चांगली, साखर आवरायला मदत करते. आणि बाळंतिणीला तर आपल्याकडे मेथीशिवाय पहिला महिना जातच नाही. कंबर भरून यावी, दूध यावं म्हणून. अक्का मेथीचं पीठ आधी तुपात मुरवते, मग डिंक, खारीक, खोबरं, गूळ. कडूपणा राहतो, पण माणसात राहतो.

फक्त घरात एक प्रॉब्लेम होता. अक्काची स्वतःची मुलगी, प्राची. तिला मेथी नको. लहानपणापासून नको. शेजाऱ्यांकडे मेथीची भाजी शिजली तरी ही आमच्या घरातली खिडकी लावायची.

आणि हीच प्राची धुळ्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्याच आठवड्यात धुळ्यातल्या एका मॅटर्निटी होमच्या मॅडमचा फोन आला. "तुमचे लाडू आमच्या सगळ्या पेशंटना सुरू करायचा विचार आहे. पण मी ऐकीव गोष्टींवर जात नाही हं! तुमची मुलगीच बाळंतपणाला आलीय ना? बाळ झालं की येते आणि तिलाच विचारते."

अक्काने "या की, या की" म्हणत फोन ठेवला आणि प्राचीकडे बघितलं. प्राचीने नाक दाबलं.

"हे बघ," अक्का म्हणाली, "ही ऑर्डर गेली ना, तर मी उद्यापासून रव्याचे लाडू करेन!"

आमच्या घरात याहून मोठी धमकी नाही.

*

लाडवांची सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "कडू आहेत." एक भाऊ धुळ्याहून फोन करायचे. गुडघे दुखतात म्हणून लाडू मागवले होते.

"लाडू कडू लागतात हो."

"मेथीचे आहेत, भाऊ."

"ते ठीक आहे. पण मेथी न घालता मेथीचे लाडू मिळतील का?"

दुसऱ्या कोणी हसून फोन ठेवला असता. मी म्हटलं, "मिळतील ना! आमच्याकडे ती स्पेशल क्वालिटी आहे." अक्काने गव्हाच्या पिठाचे साधे डिंकाचे लाडू केले होते, तेच पॅक केले. डब्यावर चिठ्ठी लावली, 'मेथीमुक्त मेथी लाडू.' काही लपवलं नाही. जे आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

पंधरवड्याने भाऊंचा फोन.

"हां! याला म्हणतात मेथी! पहिल्या डब्यात तुमची काहीतरी भेसळ होती. आता गुडघा कसा मोकळा झालाय!"

*

आमचे आबा, म्हणजे अक्काचे मिस्टर, यांना शुगर आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अक्काने सांगितलं, गोळी सोडायची नाही, पण सोबत रात्री मेथी भिजत घाला आणि सकाळी दाण्यांसकट खा. आबा आधी नुसतं पाणी प्यायचे आणि दाणे कुंडीत टाकायचे. त्यामुळे आमच्या तुळशीच्या कुंडीत तुळस कमी आणि मेथी जास्त. अक्काने पकडलं, "फायबर कुंडीला कशाला देता? तिला काय शुगर आहे?" मग आबा दाणे खायला लागले.

एवढं करून रिपोर्ट वरच. डॉक्टरांना कळेना. त्यांनी आबांना समोर बसवलं.

"गोळी घेता?"

"वेळेवर."

"मेथी?"

"रोज, उपाशीपोटी. एक चमचा."

"आणि साखर?"

"तीपण एकच चमचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कशात?"

"मेथीवर! नुसती कडू लागते ना, साहेब."

*

मेथी आणतात ते नाना. अमळनेरकडच्या खेड्यातून येतात. ताजी जुडी आणि दाणे दोन्ही. वय सत्तरच्या पुढे, पण पाठीवरचं पोतं असं उतरवतात की मी आणि माझा मित्र कुणाल नुसते बघत राहतो.

एकदा एक काकू लाडू घ्यायला आल्या होत्या. घ्यावे की नाही, त्यांचं ठरत नव्हतं. तेवढ्यात नाना पोतं घेऊन आत आले. काकूंचे डोळे चमकले. अक्काचे त्याहून जास्त.

"बघा," अक्का म्हणाली, "हे आमचे नाना. जन्मभर मेथीत."

काकूंनी कौतुकाने विचारलं, "नाना, रोज मेथी खाता ना?"

नानांनी फेट्याने घाम पुसला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मी? नही वं माय! मी इकस, खास नही. कडू लागस!"

अक्का लगेच काकूंच्या कानाशी वाकली. "नानांना ऐकायला जरा कमी येतं."

नाना दारातून ओरडले, "माले बठ्ठं ऐकू येस!"

*

आता कुणाल. पॅकिंगला माझ्या मदतीला असतो. लग्नाचा, पण डोक्यावरचे केस लग्नाच्या आधीच निरोप घ्यायला लागलेले. अमळनेरला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा अक्का म्हणाली, मेथी भिजवून वाट, दह्यात कालव आणि डोक्याला लाव. केस मऊ होतात. हे खरं आहे. लावून अर्ध्या तासात धुवायचं असतं, हेही खरं आहे.

कुणालने वेळ वाचवायचं ठरवलं. लेप जळगावात लावला, वर हेल्मेट घातलं, धुवायचं अमळनेरला, आत्याकडे. भिजलेली मेथी बुळबुळीत असते. पण ऊन लागलं की ती प्लास्टर होते. अमळनेर आलं तेव्हा हेल्मेट आणि कुणाल यांच्यात काही फरक उरला नव्हता.

आत्याने ओढलं, मुलगी बघायला सोबत येणाऱ्या मामाने ओढलं. निघेना. तिकडून फोनवर फोन, "पोहे गार होताहेत." शेवटी कुणाल तसाच गेला. कांदेपोहे हेल्मेटची काच वर करून खाल्ले.

मुलीचे वडील बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग ते कुणालच्या मामांना म्हणाले, "आजकालची पोरं रस्त्यावर घालत नाहीत. हा घरातपण काढत नाही. मुलगा जबाबदार आहे."

मुलीने फक्त एकच विचारलं, "वास कसला येतोय?"

"मेथी."

ती आत गेली आणि आईला म्हणाली, "त्याला स्वयंपाक येतो."

लग्न झालं. हेल्मेट कोमट पाण्याने निघालं. केस खरंच मऊ झाले होते, जेवढे हेल्मेटमध्ये राहिले नाहीत तेवढे!

*

इकडे प्राचीचे दिवस भरत आले होते. बाळ पोटात असताना दाणे फार देत नाहीत, म्हणून अक्काने लाडू थांबवले होते. पण पालेभाजी चालते. मग सुरू झालं गनिमी युद्ध. पराठ्यात मेथी, पुरीत मेथी, मुठियात मेथी. प्राची घास तोंडाजवळ नेते, थांबते आणि ताट सरकवते. विमानतळावर कुत्री असतात ना, तशी.

"अगं, रक्त वाढतं!"

"आई, मी पालक खाते. मी बीट खाते. मी डॉक्टरांच्या गोळ्या खाते. मेथी नाही!"

मी मदत करायचं ठरवलं. दुकानातून चांगलं चॉकलेट आणलं, रॅपर काढून वाटीत ठेवलं आणि तिच्यासमोर नेलं. काही बोललो नाही. फक्त अक्काकडे बघून हळूच मान हलवली.

प्राचीने एक तुकडा तोंडात टाकला. चेहरा वाकडा केला. थेट बेसिनवर गेली.

"शी! किती मेथी घातलीय!"

बाकीचं चॉकलेट मीच संपवलं. कोणीतरी संपवणं भाग होतं.

*

बाळ झालं. मुलगी. धुळ्याहून आमचे जावई पेढे घेऊन आले, तर अक्काने त्यांच्याच हातात लाडवांचा डबा दिला. "नरडाण्याला तुमच्या कंपनीत वाटा. पेढ्यांनी कंबर भरून येत नाही."

आणि मग चमत्कार झाला. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी अक्काने धीर करून प्राचीपुढे लाडवाची बशी ठेवली. प्राची म्हणाली, "इथे सगळ्यांसमोर नको. खोलीत नेऊन खाते." थोड्या वेळाने बशी रिकामी! दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशी तर प्राची स्वतःच म्हणाली, "आई, अजून एक दे ना."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागली, "माझीच पोरगी बघा! नावं ठेवायची, आता मागून खाते." बाळही छान भरलं. गाल असे की मामा म्हणून मला रोज एकदा तपासून बघावे लागायचे. मी अक्काला म्हटलं, मॅडमना बोलवा आता. बोलावलं.

मॅडम आल्या. कडक बाई. साडीला पिन, हातात पर्स, चेहऱ्यावर एकही अनावश्यक भाव नाही. बाळाला उचलून बघितलं, वजन विचारलं, डॉक्टरांकडे कधी नेलं ते विचारलं. मग प्राचीकडे वळल्या.

"लाडू खातेस?"

"रोज संपतात, मॅडम," प्राची म्हणाली.

"दूध पुरतं बाळाला?"

"भरपूर."

मॅडमनी पहिल्यांदा मान डोलावली. अक्काने माझ्याकडे असं बघितलं की ऑर्डरचे बॉक्स आणायला मी आत्ताच निघावं. मी उठलोही. तेवढ्यात मागच्या दाराने रुख्सानाचाची आल्या. आमच्या शेजारी राहतात, त्यांचे मियाँ गाद्या करतात. हातात स्टीलचा डबा, काठोकाठ भरलेला.

"अक्का, आज तो मुन्नीने हद कर दी! दोनो बच्चे पी के बैठे, तो भी डब्बा भर गया!"

"मुन्नी कोण?" मॅडमनी विचारलं.

"हमारी बकरी." चाचींनी डबा प्राचीजवळ ठेवला आणि बाळावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "प्राची बेटी रोज सुबह खिडकी से उसको लड्डू खिलाती है ना! अल्ला इसको खुश रखे. तो मैं भी पहला दूध इसीके लिए लाती हूँ."

 बाळाला उचकी लागली. प्राची छतावरच्या पंख्याकडे असं बघत होती, जणू तो आजच बसवलाय. आणि खिडकीत, पुढचे दोन्ही पाय भिंतीवर टेकवून, मुन्नी उभी होती. बहुतेक तिची वेळ झाली होती.

अक्काने मुन्नीकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. मग प्राचीकडे.

"हे दूध तू रोज पितेस?"

"हो."

"उकळून?"

"हो. खारीक घालून."

"सगळं?"

"सगळं."

अक्का मॅडमकडे वळली. परीक्षेत पहिली आलेली मुलगी जशी बक्षीस घ्यायला स्टेजवर चढते ना, तसा चेहरा.

"बघा मॅडम. मेथी तिच्यापर्यंत गेलीच!"

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. बाळाचे गाल बघितले. खिडकीतली मुन्नी बघितली. मुन्नीनेही त्यांना बघितलं. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"मग आमच्या पेशंटसाठी नक्की काय लिहून घेऊ? लाडू, की शेळी?"

अक्काने क्षणभरही विचार केला नाही.

"लाडू उद्याच मिळतील. शेळीसाठी आठवडाभर आधी सांगावं लागेल."