नागपंचमीपासूनचा खोकला

पावसाच्या चार महिन्यांत आमचं रजिस्टर रोडावतं. मी रत्नागिरीत क्षयरोगाच्या तपासणीचं काम करते. लोक डबीत बेडका आणून देतात, मी तो मशीनला लावते आणि निकाल लिहिते. वीस वर्षं हेच करते आहे. जूनपासून पानं रिकामी राहू लागतात आणि दसरा-दिवाळीनंतर एकदम भरतात. आमचे मोठे डॉक्टर बदलून येतात-जातात, पण नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या पावसाळ्यात हाच प्रश्न विचारतो, "इथे पावसात टीबी कमी होतो का?"

टीबी कमी होत नाही, येणारे कमी होतात. पावसात सगळेच खोकतात, त्यामुळे कुणाचा खोकला कुणाला वेगळा वाटत नाही. एस.टी. वेळेवर नसते, शेतात लावणी असते, आणि घरी सांगितलेलं असतं की भिजलास म्हणून झालं. शिवाय आपण घरं बंद करून बसतो. मे महिन्यात अंगणात झोपणारी माणसं जूनमध्ये एका खोलीत येतात. पडवीला ताडपत्री, खिडक्यांना प्लास्टिक, आत दोरीवर न वाळणारे कपडे. ऊन नाही, वारा नाही, आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात. त्या खोलीत लागण झाली तरी ती दिसते कुठे शिमग्याच्या सुमारास, कधी त्याहून उशिरा. मग लोक म्हणतात, उन्हाळा बाधला.

हे सगळं मी दर वर्षी गावोगावच्या आशाताईंच्या बैठकीत सांगते. न बघता सांगू शकते, इतकं पाठ आहे.

त्या वर्षी गणपतीला माझी मुलगी डोंबिवलीहून येणार होती. बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. पावसाच्या आधी बाळाला घेऊन ती परत गेली, ती आता पहिल्यांदाच येत होती. बाळ पाच महिन्यांचं. हरतालिकेच्या दिवशी दुपारी गाडी पोचणार, दीड दिवसाचा आमचा गणपती झाला की मग गौरींना देवरूखला तिच्या सासरी, असं ठरलं होतं. तिकिटं चार महिन्यांपूर्वी काढलेली.

हरतालिकेच्या दोन दिवस आधी एक मासे विकणारी बाई आली. भावजयीने जबरदस्तीने पाठवलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "खोकला कधीपासून?"

"ता काय सांगू मॅडम. पावसाचा हाय. पाऊस लागला की लागतो, पाऊस गेला की जातो."

"तारीख नको. कुठल्या सणाला होता ते सांगा."

आमच्याकडे हीच पद्धत चालते. तारीख कुणाला आठवत नाही, सण सगळ्यांना आठवतो. तिने विचार केला. "नारळी पुनवेला व्हता. त्याच्या आधी आषाढीला नव्हता."

"म्हणजे दोन आठवडे होऊन गेले. डबी घ्या. थुंकी नको, छातीतून काढलेला बेडका हवा."

"तुमच्या घरात कोण खोकत नाय वाटतं," ती डबी घेता घेता म्हणाली. टोमणाच होता. मी पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी घरी आले तर नवरा पडवीत ताडपत्रीची दोरी आवळत होता. त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. हाताला गाठी पक्क्या मारायची सवय. गणपतीच्या मखरावर पाणी उडू नये म्हणून त्याने खालची फटही बंद केली होती. आत अंधार झाला होता आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. गाठ मारून तो वळला आणि खोकला. भिंतीला हात टेकून, बराच वेळ.

"अहो, हा खोकला कधीपासून आहे?"

"पावसाचा आहे गं. पाऊस गेला की जाईल."

मी पिशवी खाली ठेवली. त्याच सकाळी ऐकलेलं वाक्य होतं. उभ्या उभ्या मागे मोजायला लागले. नारळी पौर्णिमेला समुद्रावर गेलो तेव्हा होता. नारळ सोडताना त्याला ठसका लागला आणि शेजारचे हसले. त्याच्या आधी नागपंचमीला पातोळ्या खाताना खोकला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, "सावकाश खा, पळून नाही जात." म्हणजे चार आठवडे होत आले. आणि धुवायच्या पँटचा पट्टा काढताना त्याने पाडलेलं नवीन भोक मी पाहिलं होतं. पाहून पँट भिजत घातली होती.

"उद्या माझ्याबरोबर यायचं," मी म्हटलं. "डबी द्यायची."

"तुझ्या धंद्यात आता घरचंच गिऱ्हाईक?"

"हो. परवा बाळ येतंय."

त्याने उरलेली दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "पोरीला आत्ताच फोन करू नकोस. रिपोर्ट नाही, काही नाही. उगाच घाबरेल."

मी ऐकलं. निकालाशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हा माझाही नियम. आणि निकाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातात येणार होता. पोरीची गाडी परवा पहाटेची.

दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्याच्या इमारतीमागे, उघड्यावर, छत्री धरून त्याने डबी भरली. बेडका नेहमी उघड्यावरच काढायचा असतो, पाऊस असो नसो. लोक भिजायला नको म्हणून जिन्याखाली उभे राहून खोकतात, त्यांना मी हाकलते. त्याने डबी दिली. मी उजेडात धरली. स्वच्छ पाण्यासारखी थुंकी.

"हे चालणार नाही."

"नवऱ्याचीही तपासणी इतकी कडक?"

"दुसऱ्या कुणाचं असतं तरी परत दिलं असतं. उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन."

दुपारपर्यंत त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला, पण काही निघालं नाही. संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि ठेवला. उद्या नमुना आठला लावला तर दहाला निकाल. गाडी यायला दुपार. वेळ आहे, असा हिशेब मी केला. हा हिशेब दुसऱ्या कुणी माझ्यासमोर केला असता तर मी त्याला झापलं असतं.

हरतालिकेला पहाटे त्याने नीट नमुना दिला. दाट, पिवळसर. माझा उपास होता. उपास मी सवयीने करते. माझी सहकारी गावी गेलेली, म्हणून एकटीच होते. माझ्या आधी त्या मासेवाल्या बाईची डबी येऊन पडली होती आणि आणखी एकाची. आधी आलेल्या आधी लावल्या. मग लाईट गेली. मशीन बॅटरीवर चालू राहिलं, मी मात्र टॉर्च मानेत दाबून नावं लिहीत बसले. त्याचा नमुना लागायला साडेनऊ झाले.

पावणेअकराला मुलीचा मेसेज आला. चिपळूण जवळ आलं, गाडी उशिरा आहे, बाळ झोपलंय. सोबत फोटो, बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवतात, त्या दिवशी त्याहूनही हळू होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कोकण रेल्वे उशिरा आहे याचं बरं वाटलं.

साडेअकराला निकाल आला. जंतू आहेत. नेहमीच्या औषधांना दाद देणारे आहेत. मी तो दोनदा वाचला, सही केली आणि फोन लावला. लागला नाही. चिपळूणनंतर बोगद्यांवर बोगदे. पुन्हा लावला. तिच्याबरोबरच्या जावयाला लावला. "आपण ज्या व्यक्तीशी..." तेच.

गाडीचा पुढचा थांबा संगमेश्वर. तिथून देवरूख रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचं. तिथे उतरले तर बाळ त्याच्या दुसऱ्या घरी जाईल, कोरड्या बिछान्यात. नाही उतरले तर तासाभरात आमच्या स्टेशनवर, आणि तिथे नवरा छत्री घेऊन उभा असणार. मी आधी त्याला फोन केला.

"कुठे आहात?"

"निघतोय स्टेशनला."

"निघू नका. आहे."

पलीकडे छत्री मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पोरीला सांगितलंस?"

"लागत नाही."

"लावत राहा."

लावत राहिले. अकराव्या की बाराव्या वेळी लागला. आवाज तुटत होता.

"संगमेश्वरला उतरा. देवरूखला जा. बाबांना टीबी आहे."

"काय? आई, ऐकू येत नाहीये."

"संगमेश्वरला उतरा. बाळाला घेऊन उतरा." बंद. मी तेच मेसेजमध्ये लिहिलं. एकच खूण उमटली. मी मासेवाल्या बाईचा निकाल लिहायला घेतला. तिला काही नव्हतं. खरंच पावसाचा खोकला. दुसरी खूण उमटली तेव्हा बारा वाजून गेले होते.

मग तिचा फोन आला. मागे रिक्षाचा आवाज, बाळाचं रडणं. "उतरलो. तुझे दोनच शब्द कळले, बाकी मेसेजवरून. अर्ध्या बॅगा गाडीतच राहिल्या असत्या." मग तिने विचारलं, "बाबा कधीपासून खोकतायत?"

बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती माझ्या तोंडून हा प्रश्न ऐकत आली आहे.

"नागपंचमीपासून," मी म्हटलं.

 रिक्षावाला कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होता.

"आणि तू घरात होतीस," ती म्हणाली.

"होते."

"बरं. बाळाला दाखवून घेते देवरूखच्या डॉक्टरांना."

"घे. पावसाच्या आधी ते त्यांच्याजवळ होतं, तेही सांग. तेव्हा खोकला नव्हता."

"तुला नक्की माहीत आहे?"

याचं उत्तर दोन दिवसांपूर्वी मी खात्रीने दिलं असतं. "अक्षय्यतृतीयेला नव्हता," मी म्हटलं. "त्यानंतरचं बाबांना विचारून सांगते."

घरी गेले तेव्हा बरोबर गोळ्यांचं पाकीट होतं, त्याच्या वजनानुसार. वजन पाच किलो उतरलं होतं. उद्या माझ्याही छातीचा फोटो काढायचा, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी मीच कागदावर लिहून आणलं होतं. तो मास्क लावून पडवीत स्टुलावर बसला होता. बाळासाठी बांधलेला पाळणा त्याने सोडून ठेवला होता.

"उतरले?"

"उतरले. आता आठवून सांगा. बाळ इथे होतं तेव्हा, एकदाही खोकला होतात?"

त्याने टाळाटाळ केली नाही. आंबे उतरवायला माणसं आली होती तिथपासून एकेक दिवस आठवला. "नाही," तो म्हणाला. "पहिला तो पातोळ्यांचाच."

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि ताडपत्रीची दोरी कापायला घेतली. गाठी सुटण्यातल्या नव्हत्याच.

"अगं, गणपतीवर पाणी उडेल."

"पाट दोन हात आत घेऊ. खिडक्यांचं प्लास्टिक तुम्ही काढा."

तो उठला. पहिली बाजू सुटली आणि वारा आत आला, दोरीवरचे कपडे हलायला लागले. शेजारीण दगडी गडग्यापलीकडून बघत होती. "भर पावसात ताडपत्री काढता? उद्या गणपती ना तुमच्याकडे?"

"यांना टीबी निघालाय," मी सांगितलं. "उद्या दर्शनाला या, पण बाहेरूनच. आणि तुमचे सासरे कधीपासून खोकतायत?"

ती बोटांवर सण मोजायला लागली. मी दुसरी दोरी कापली.