दोन पायांची दोन मापं

लहानपणी मोठा ताप येऊन माझ्या उजव्या खुब्यात पू झाला. त्यातून मी वाचले, पण खुबा आखडला आणि तो पाय बारीक राहिला, जरा आखूडही. मी चालताना उजवीकडे झुकते. दुखत फारसं नाही. कोणी बघत असेल तर मात्र मला लगेच कळतं.

आई उत्तम शिवते. आमच्या माधव नगरातल्या कितीतरी बायका अजून तिच्याकडेच ब्लाउज टाकतात. माझे कपडेही तीच शिवायची आणि सगळे एकजात घेरदार. शाळेचा स्कर्ट घोट्यापर्यंत, सलवार अशी की आत दोन मुली मावाव्यात. कॉलेजात बाकीच्या मुली जीन्स घालायला लागल्या तशी मीही मागितली. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुला नाही शोभायची." तो विषय तिथेच संपला.

पुढे मला फ्रीगंजच्या बाजारपेठेत एका ऑफिसात नोकरी लागली. बाबा गेले, धाकटा भाऊ इंदूरला स्थायिक झाला. लग्नाचं माझं कुठे जमलं नाही आणि घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो. चाळिशी जवळ आली तेव्हा एकदा ऑफिस सुटल्यावर मी सरळ एका दुकानात शिरले आणि जीन्स मागितली. ट्रायल रूममध्ये ती डावीकडे कमरेवर घट्ट अडकली. उजवीकडे मात्र आत अख्खी मूठ जाईल एवढी जागा राहिली आणि खाली पाय दोरीवर वाळत टाकल्यासारखा लोंबत होता. बाहेरची मुलगी चांगली होती. हळूच म्हणाली, "दीदी, ऊपर से लंबी कुर्ती डाल लो, किसी को पता नहीं चलेगा।"

तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. पण मी जीन्स तिथेच ठेवून बाहेर पडले. तिच्या तोंडून मला आईच ऐकू आली होती.

दुसऱ्या दिवशी मी जीन्सचं कापड विकत आणलं आणि आईला म्हटलं, "माझी मापं घे. मी जीन्स शिवणार आहे."

"हे कापड आपल्या मशीनला झेपणार नाही. सुया तुटतील."

"जाड सुई आणलीय."

आईने नाइलाजाने टेप उचलली. कंबर घेतली, मग डावी मांडी, डावा गुडघा, डावी उंची, आणि टेप गुंडाळायला लागली.

"आणि उजवीकडचं?"

"त्याचं काय घ्यायचं? मी नेहमी डावीकडचंच घेते. दोन्हीकडे सारखं कापायचं."

माझा प्रत्येक कुडता एका बाजूला का ओढला जायचा, सलवारीची शिवण चालता चालता पुढे का यायची, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, माझं शरीरच तसं आहे. परक्या बायकांच्या ब्लाउजची बाही सुताने चुकली तर आई पूर्ण उसवायची. पोटच्या मुलीच्या एका बाजूला तिने कधी टेपच लावली नव्हती.

"दोन्हीकडचं घे," मी म्हटलं.

"फालतू जिद्द करू नकोस." टेप पलंगावर टाकून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मग कपाटाच्या आरशासमोर उभं राहून मी माझी मापं स्वतः घेतली. भावाची जुनी जीन्स उसवून तिचे भाग कसे जोडलेत ते पाहिलं. वर्तमानपत्रावर डावा पाय वेगळा काढला, उजवा वेगळा. आधी जुन्या चादरीची शिवून पाहिली. ती बसताना मागून खाली घसरली, म्हणून मागचा भाग उंच केला. मग जीन्सचं कापड धुऊन, वाळवून कापलं. पायमशीन मी डाव्या पायाने चालवते, त्यामुळे वेळ लागायचा. शिवणीवर शिवण आली की सुई अडायची, तिथे मी खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून कापड बसवलं. चेन दोनदा उसवली. आई त्याच खोलीत भाजी निवडत बसायची, पण एका शब्दाने काही सांगायची नाही. तिला सगळं येत होतं.

एका रविवारी दुपारी ती पुरी झाली. मी घातली, बटण लावलं आणि आरशात पाहिलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. एक पाय बारीक आहे हे दिसत होतं, पण तो माझाच पाय होता आणि कापड त्याला नीट धरून होतं. मी खाली बसले, उठले, खोलीत चकरा मारल्या. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कुकर लावायचाय."

दिवाळीला भाऊ आणि भावजय आले. मी तीच जीन्स घातली होती, वर आखूड कुडता. भावजय म्हणाली, "अय्या ताई, किती छान बसलीय! कुठून घेतलीत?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "फ्रीगंजातून आणलीय तिने."

फराळाचं आवरल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? एक पाय वेगळा कापलाय म्हणून?"

"हो. तसंच सांगायचं."

तिने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. "तुला काय जातंय सांगायला! लोक मला विचारतात. पोरगी तापाने फणफणत होती तेव्हा मोठ्या दवाखान्यात का नेलं नाही, घरचे काढे कशाला पाजत बसलात, हे अजून विचारतात मला. इतकी वर्षं झाकलं मी. तू दोन हात कापडात सगळं उघडं केलंस."

काढ्यांचं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ते सगळे घेरदार कपडे माझी लाज झाकायला होते असं मी धरून चालले होते, आणि त्यासाठी मनातल्या मनात आईचे आभारही मानले होते. ते तिच्यासाठी होते. तिची मला कीव आली, नाही असं नाही. पण राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही.

"झाकायचं की नाही, हे मला विचारलं असतंस तर..." एवढंच मी म्हणाले. बाहेरून भावाने चहासाठी हाक मारली. आईने तोंडावर पाणी मारलं, चहाचं आधण ठेवलं आणि भावजयीला चकल्या आवडल्या का ते विचारायला बाहेर गेली.

त्यानंतर मी आणखी एक जीन्स शिवली, काळी. ऑफिसात आता कोणी वळूनही बघत नाही. आई मात्र मी जीन्स घातली की माझ्याबरोबर बाहेर पडत नाही. देवळात जायचं असलं तर दारातच म्हणते, "तू हो पुढे, मला अजून वेळ आहे." मी पुढे होते. कोपऱ्यावर ऑटोची वाट बघत उभी असताना ती घराबाहेर पडलेली दिसते. मला पाहते आणि पलीकडच्या गल्लीने वळते.