घोंगडीचा गळपट्टा

आमच्या कुत्रीला लांडग्यानं मारलं तेव्हा तिच्या गळ्यात पट्टा नव्हता. तो माझ्या सासऱ्यांनीच काढून ठेवला होता. आम्ही धनगर मेंढ्यांच्या कुत्र्याला लोखंडी काट्यांचा पट्टा घालतो, कारण लांडगा आधी मान धरतो. पण कुत्री व्याली की ते काटे पिल्लांना टोचतात, म्हणून पिल्लं दूध पितात तोवर पट्टा उतरवायचा, ही आमच्यातली जुनी रीत. रीत पाळली आणि कुत्री गेली. पिल्लांतलं एकच जगलं. सासरे तो रिकामा पट्टा कमरेला अडकवून हिंडू लागले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमची मेंढरं कपिलधारच्या डोंगराखाली, आज या माळावर तर उद्या त्या. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. ते पिल्लू मी शेळीच्या दुधावर वाढवलं. वाढवलं कसलं, ते वाढत गेलं आणि मी तोंडाचा आ वासून बघत राहिले! त्याची आई लमाणांच्या तांड्यावरून आणलेली, थोराड जातीची. पिल्लाचे पंजे एवढाले, की देवानं आधी पाय केले आणि बाकीचं कुत्रं मागाहून करायला ठेवलं, असं वाटावं. काल टोपलीखाली झाकलेला जीव एके सकाळी टोपलीच पाठीवर घेऊन चालत आला. मी हात जोडले. हसू नका, खरंच जोडले.

थंडी पडू लागली आणि ओढ्याकाठी लांडग्यांची पावलं दिसली. सासऱ्यांनी त्याच दिवशी कमरेचा लोखंडी पट्टा काढून पिल्लाच्या गळ्यात घातला. पिल्लाची मान खाली गेली ती वर येईना. दूध प्यायला वाकलं की पट्टा घसरून कानांवर यायचा आणि काटे भांड्यावर आपटायचे. मानेची सालटं निघाली. मग माझ्या नवऱ्याला हुरूप आला. त्यानं बीडला तालुकदारसाहेबांच्या कुत्र्याच्या गळ्यात पितळी बकलाचा चामडी पट्टा पाहिला होता. तसलाच एक तो वडवणीच्या बाजारातून घेऊन आला. दिसायला देखणा, पण अरुंद. पिल्लू वाढतच होतं, आणि पट्ट्याला पुढं भोकं नव्हती. एका दुपारी पिल्लू घोरल्यासारखं श्वास घ्यायला लागलं, तसा मी विळ्यानं तो पट्टा कापला.

"पट्टा कावून कापलास?" सासरे ओरडले.

"त्याला दम घेता यीना, मामा. अन् तुमच्या लोखंडानं त्याची मान मोडंल. वाढतं जनावर हाय ते."

"उघड्या मानेचं कुत्रं मी न्हाई ठेवणार. एकदा ठेवलं, तेवढं बास झालं."

हे ऐकून दुसरी एखादी गप्प बसली असती. माझा स्वभाव तसा नाही. माहेरची माझी घोंगडी होती, चिंचोक्याची खळ देऊन फळीसारखी ताठ केलेली. तिची काठाकडची पट्टी मी कापली. घड्या घालून, दाभणानं टाचून वीतभर रुंद गळपट्टा केला आणि त्याला पुन्हा खळ पाजली. दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवली. कानांवरून निघू नये म्हणून पुढच्या पायांमागून छातीला एक पट्टी घेतली. बांधायला शेळीच्या केसांची दोरी. पिल्लू वाढेल तशी सैल करता येईल अशी. सासूबाई कपाळाला हात लावून बघत होत्या. "चांगली घोंगडी कुत्र्याला घातली गं बाई हिनं!"

सासऱ्यांनी पट्टा दाबून पाहिला. "लोकरीनं लांडग्याचा दात अडतो व्हय?"

"न्हाई अडला तर मला बोला," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण हे पिल्लू गेलं असतं तर सासऱ्यांना ते झेपलं नसतं, आणि या खेपेला दोष माझा असता.

मग ती संध्याकाळ आली. आम्ही वाघूर लावत होतो, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं. मेंढ्या एकदम एका बाजूला दाटल्या. झुडपाजवळ लांडगा उभा होता. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. कसली घाई नाही, कसला आवाज नाही, आणि डोळे असे, की माझे पाय जागच्या जागी खिळले. खोटं कशाला सांगू, तो मला सुंदर वाटला. तेवढ्यात माझ्या पायाजवळून उठून ते पिल्लू त्याच्या समोर जाऊन उभं राहिलं. कुणी शिकवलं होतं त्याला? आईचं तर त्याला तोंडही आठवत नसेल.

लांडग्यानं मानच धरली. झटका दिला, पिल्लू उचललं गेलं. नवरा काठी घेऊन ओरडत धावला, कळपातली बाकीची कुत्री तुटून पडली, आणि लांडगा सोडून गेला.

पिल्लू लटपटत आलं ते सासऱ्यांपाशी. ते खाली बसले. पट्ट्यावर दातांची भोकं होती. त्यांनी एकेका भोकावर बोट ठेवलं, मग पट्ट्याखाली हात घालून मान चाचपली, पुन्हा चाचपली. हात बाहेर काढून उजेडाकडं धरला. रक्त नव्हतं. त्या माणसाला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. कुत्री मेली त्या दिवशीही नाही. त्या संध्याकाळी ते तिच्यासाठी रडले.

लोखंडी पट्टा त्यांनी माझ्या हातात दिला. "ह्याची मान भरली की घालू. तवर तुजाच ऱ्हाऊ दे."

पुढं मान भरली. पट्टा घालायच्या दिवशी ते थोराड जनावर, जे नवऱ्यालाही दाद देत नसे, सासऱ्यांसमोर आपणहून वाकून उभं राहिलं. मी पुन्हा हात जोडले.

त्यानंतर कळपातली दुसरी कुत्री व्याली. रीतीप्रमाणे सासऱ्यांनी तिचा काट्यांचा पट्टा सोडला. पिल्लं लगेच तिच्या अंगाला झोंबली. सासरे मात्र तो पट्टा हातात धरून तिच्या उघड्या मानेकडं बघत तसेच बसून राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "तुजी घोंगडी आण."