स्थूल अर्थशास्त्राचे सहा दिवस, मुक्काम गडचिरोली

पीएच.डी. करणाऱ्या माणसाचा पाच-सात वर्षांत प्रबंध तयार होईलच असं नाही, किस्से मात्र हमखास तयार होतात. प्रबंधाला गाइडची सही लागते, किस्स्यांना लागत नाही, म्हणून असेल! माझ्याकडे तर एकाच कार्यशाळेचे इतके साठलेत, की त्यांचीच प्रकरणं पाडली असती तर मी एव्हाना डॉक्टर झाले असते.

मी सावली गावची. गडचिरोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. म्हणजे तास झाला तर मॅडम, नाही झाला तर घरी. आमचे गाइड बोरकुटे सर. त्यांनी 'स्थूल अर्थशास्त्र : संशोधकांसाठी सहा दिवसीय राष्ट्रीय कार्यशाळा' भरवली. राष्ट्रीय अशासाठी, की शिकवायला लिमये सर पुण्याहून येणार होते! आणि भरवली मे महिन्यात, कारण तेव्हाच हॉल रिकामा असतो. मे महिन्यात आमच्याकडे हॉल रिकामा का असतो, हा विचार कोणी केला नाही.

*

उद्घाटनाला एक स्थानिक पुढारी बोलावले होते. ते दीड तास उशिरा आले, हार घातला, आणि मागचा बॅनर नीट वाचून माइककडे वळले.

"मित्रहो, स्थूलपणा ही आज देशापुढची मोठी समस्या हाय!"

आम्हाला वाटलं, अलंकारिक बोलतायत. अर्थव्यवस्थेला सूज वगैरे.

"मी सोता रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. तेलकट बंद केलं. भात अर्ध्यावर आणला!"

धानाच्या पट्ट्यात असं जाहीर बोलायला हिंमत लागते. टाळ्या पडल्या. लिमये सरांचा पेन वहीवर टेकला होता, तो तिथेच राहिला. पुढाऱ्यांनी आहार, व्यायाम, झोप असं सगळं घेतलं आणि शेवटी म्हणाले, "तुमी संशोधक लोक हाय. यावर लवकर औषध काढा!"

आभार मानायला बोरकुटे सर उठले. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "साहेबांनी अत्यंत जड विषय आमच्यासाठी हलका केला!"

*

पहिल्याच लेक्चरला लिमये सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "सोयीसाठी आपण गृहीत धरू, की अर्थव्यवस्थेत पूर्ण रोजगार आहे. ज्याला काम हवंय, त्याला काम मिळालेलं आहे."

हॉलमध्ये सगळे आमच्यासारखेच, तासिकेवाले. माझ्या शेजारी नागभीडचा प्रफुल्ल. नेट झालेलं, सेट झालेलं, दोन विषयांत एम.ए., आणि अकरा वर्षं मुलाखती. आता तर मुलाखतीत चहा आणणारा शिपाईसुद्धा त्याला नावाने ओळखतो.

प्रफुल्लने हात वर केला.

"बोला. शंका आहे?"

"शंका नाई सर. फक्त पत्ता सांगा. कुठी हाय हे?"

*

दुसऱ्या दिवशी विषय होता एकूण पुरवठा. सरांनी पुण्याहून रंगीत स्लाइड आणल्या होत्या. वक्र डावीकडून उजवीकडे चढत होता, सर लेसरने दाखवत होते. "आता पाहा, पुरवठा अखंड वाढत जातो आणि..."

लाइट गेली. वक्र गेला, पंखा गेला, माइक गेला.

पाच मिनिटं सर अंधुक उजेडात लेसर घेऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "शेजारच्या जिल्ह्यात तर केवढी वीज तयार होते ना? चंद्रपूरला?"

"होते ना सर," बोरकुटे सर रुमालाने वारा घेत म्हणाले. "तयार चंद्रपूरले होते, जाते तुमच्याकडे. आमच्याकडे फक्त उन्हाळा ठेवते."

*

लिमये सरांना पहाटे फिरायची सवय. त्यांनी बोरकुटे सरांना विचारलं, "इथे रस्त्याने फिरायला हरकत नाही ना?"

"जा ना सर, बिनधास्त! फक्त एकटे जाऊ नका. अन् झुडपाच्या बाजूनं जाऊ नका. अन् वाकू नका."

"वाकू नका म्हणजे?"

"वाकलेला माणूस वाघाले जनावर वाटते, सर."

त्या दिवशी सरांचं लेक्चर होतं 'जोखीम आणि विवेकी माणूस'. छान झालं. फक्त सरांच्या डाव्या बुटाची लेस सुटलेली होती. संध्याकाळपर्यंत तशीच होती.

*

आता दुर्गाचं सांगते. दुर्गा मडावी, धानोऱ्याकडची. आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारी. चौथ्या दिवशी सर एक मॉडेल शिकवत होते. देशातली सगळी कुटुंबं सारखीच, म्हणून एकच प्रातिनिधिक कुटुंब घ्यायचं. ते अनंत काळ जगतं आणि आपला वेळ दोन गोष्टींत वाटतं : काम आणि आराम.

दुर्गा उभी राहिली. "सर, दोनच?"

"दोनच."

"मग पाणी कोण आणते?"

सरांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. "ते या मॉडेलच्या बाहेर आहे."

"हो सर," दुर्गा शांतपणे म्हणाली. "विहीर बाहेरच हाय."

*

पण पाचव्या दिवशी दुर्गाची गंमत संपली. प्रत्येकाने आपला विषय मांडायचा होता आणि लिमये सर त्यावर शिफारस लिहिणार होते. ती शिफारस विद्यापीठाच्या समितीपुढे जायची. दुर्गाचा विषय याआधी एकदा परत आलेला. यंदाही आला असता तर घरचे तिला पुढे शिकायला पाठवणार नव्हते. तिनेच मला जेवताना सांगितलं होतं.

तिचा विषय असा : जंगलातल्या गावांत बायका मोहफूल कधी विकायचं आणि कधी ठेवायचं, हे कशावरून ठरवतात? दोन वर्षं ती गावोगाव हिंडून वह्या भरत होती.

सरांनी वह्या चाळल्या. "कष्ट दिसतात. पण या बायका शिकलेल्या नाहीत, बातम्या पाहत नाहीत. भावाबद्दल त्यांच्या अपेक्षा तयार होणार कशा? हा स्थूल अर्थशास्त्राचा विषयच नाही."

दुर्गाने बोरकुटे सरांकडे पाहिलं. बोरकुटे सर तिचे गाइड. ते त्या क्षणी पंख्याचा अभ्यास करत होते, आणि पंखा बंद होता!

दुर्गा बसली. वह्या पिशवीत भरल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा भरल्या. प्रफुल्लने तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

*

सहावा दिवस क्षेत्रभेटीचा. जीपने धानोऱ्याच्या पुढे एका गावात गेलो. अंगणात मैनाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वाळलेलं मोहफूल निवडत बसल्या होत्या. दुर्गाची ओळख होतीच. लिमये सरांनी खिशातून छापील प्रश्नावली काढली.

"बाई, पुढच्या सहा महिन्यांत भाव वाढतील, कमी होतील, की आहेत तेवढेच राहतील? तुमची अपेक्षा काय?"

"कशाचे भाव?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारण मी घेत नाई," मैनाबाई म्हणाल्या. "मी तेल घेतो, मीठ घेतो."

प्रफुल्ल खोकला. सरांनी कागदाकडे पाहिलं. पुढचा प्रश्न त्यांनी वाचलाच नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि, खोटं नाही सांगत, सर खाली मातीत बसले. "बरं, हे मोहफूल आता विकणार का?"

"अर्धं विकन. आता समदेच विकून राह्यले, भाव पडते. बाकीचं ढोलीत ठेवन." त्यांनी कोपऱ्यातल्या बांबूच्या उंच कणगीकडे बोट केलं. "पानी पडलं का कोणापाशी राहत नाई, मंग येपारी सोता घरी येते. पन समदंच बी नाई ठेवत. घरात कोणी बिमार पडलं तं? अन् बुरा लागला तं?"

"बुरा?"

"बुरशी, सर," दुर्गा म्हणाली.

"आणि यंदा किती ठेवायचं, हे कसं ठरवता?"

मैनाबाईंनी सांगितलं. बहार कसा होता, पलीकडच्या गावात किती फूल पडलं, व्यापारी यंदा किती लवकर फिरायला लागला, त्याची घाई त्याच्या बोलण्यातून कशी कळते. सर लिहीत होते. पानं उलटत होते. ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाहीत.

मग दुर्गाला म्हणाले, "तुमच्या वहीत हे सगळं आहे?"

"हाय, सर. एकोणीस गावांचं."

"मी काल नीट वाचलं नाही."

एवढंच म्हणाले. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शिफारस लिहिली आणि सही केली. दुर्गाने तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि आमच्याकडे पाठ केली. बोरकुटे सर लगेच पुढे झाले, "मी तिले पहिल्यापासून हेच सांगून राह्यलो होतो, सर!"

निघताना लिमये सर मैनाबाईंपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, आज तुमच्याकडून खूप शिकलो."

मैनाबाईंनी मान वर केली. "तुमी काय करता?"

"मी हेच शिकवतो. कॉलेजात."

"कवापासून?"

"तीस वर्षं झाली."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे खूप वेळ मायेने पाहिलं. मग दुर्गाकडे वळून हळूच विचारलं, "अन् कोणीच सांगतलं नाई का वो याले?"