बुटातला उंदीर आणि माझा उपदेश

मंडळी, पाचव्यांदा पाय धुतोय, तरी शिसारी जात नाहीये. शी!

मी इथे पेरुंगुडीत तरुणांचा पाळक. आज चर्चमध्ये तावातावाने उपदेश केला, "देवाला उरलंसुरलं देऊ नका, उत्तम ते द्या!"

आमच्याकडे पादत्राणं दाराबाहेर काढतात. उपासना संपल्यावर बुटात पाय घातला, तर काहीतरी कोमट, मऊ, ओलं पचकन दबलं. अख्खा उंदीर! मी बूट तिथेच भिरकावला.

आमचं घर चर्चच्या आवारातच, त्यामुळे बाजूला आमची मांजर ऐटीत बसलेली. मी तिच्यावर खेकसलो.

बायको म्हणाली, "ओरडतोस काय? तू तिला रोज कालचा शिळा भात टाकतोस. तिने तोंडही न लावता ताजी शिकार तुला आणून दिली."

आता सांगा, माझा उपदेश नक्की कोणाला कळलाय?