फवारणी पंपाची टाकी

वरवट बकालला बसस्टँडच्या थोडं पुढे, टिनाच्या टपरीत माझे मिस्टर फवारणीचे पंप दुरुस्त करत. पाठीवर घ्यायचे, पेट्रोलवर चालणारे पंप. पोळ्याच्या मागेपुढे कपाशीवर फवारणी जोरात असली की टपरीसमोर रांग लागायची. मी डबा घेऊन गेले तरी त्यांना हात धुवायला सवड नसायची.

साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे नेले. आधी उजवा गेला, मग डाव्यालाही धुरकट दिसायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी लेझर केलं, इंजेक्शनं दिली, आणि शेवटी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकली तर बघू. परत येताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला टपरीकडे निघाले. मग मीही सोबत जाऊ लागले. खाली पडलेला स्क्रू कुठे आहे ते मी सांगायचे, वॉशर हातात द्यायचे, आणि गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकून बसायचे.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त पंप दुसरीकडे जाऊ लागले. शेजारच्या गावचे एक जण तेवढे येत राहिले. दुसऱ्यांच्या वावरात रोजाने फवारणी करायचे ते. वय पन्नाशीच्या पुढचं, बोलणं कमी. त्या दिवशी ते पंपाची पेट्रोलची टाकी तेवढी काढून, पिशवीत घालून घेऊन आले.

टाकी प्लास्टिकची होती. उन्हाने पिवळी पडलेली, आणि खाली नळी निघते तिथून तडा गेलेला. त्यातून पेट्रोल झिरपत झिरपत त्यांच्या कमरेवर उतरत होतं. त्यांनी पाठ वळवून सदरा वर केला. कमरेच्या वरची कातडी लालभडक, जागोजागी सोललेली होती. मिस्टरांना ते दिसलं नाही, म्हणून मी सांगितलं. मिस्टर म्हणाले, कातडीचं सोडा, वर इंजिन तापलेलं असतं, एखाद्या दिवशी सगळंच पेट घेईल. नवीन टाकी शेगावला, खामगावला विचारून झाली होती. त्या बनावटीचा पंपच आता येत नव्हता.

“परवा या,” मिस्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलं तशी मी टाकी साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुतली आणि उन्हात ठेवली. पेट्रोल मुरलेल्या या प्लास्टिकला कुठलाच चिकटवायचा पदार्थ धरत नाही, तडा वितळवूनच जोडावा लागतो, हे मला इतक्या वर्षांत ऐकून माहीत होतं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला तापल्या सुईने भोक पाडायचं होतं. मिस्टर अंगठ्याच्या नखाने टोक शोधत राहिले. नख तड्यावरून निसटायचं, परत मागे यायचं. शेवटी सुई त्यांनी माझ्याकडे दिली. पण प्लास्टिक वितळवायचं तापलेलं सोल्डरिंग स्वतःच हातात घेतलं. भंगारातल्या एका टाकीची पट्टी कापून, ती तड्यावर धरून वितळवत गेले. मी त्यांच्या मनगटाला हात लावून दिशा दाखवत होते. दोनदा त्यांनी माझा हात झटकला.

ठरल्याप्रमाणे ते गृहस्थ आले आणि बाकड्यावर बसले. मिस्टरांनी टाकीचं तोंड बंद करून नळीतून हवा फुंकली आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवली. मग माझ्याकडे तोंड करून थांबले.

बुडबुडे येत नाहीत असं खोटं सांगायला मला एक क्षण पुरला असता. पण ते बाकड्यावर बसलेले गृहस्थ टेकत नव्हते, पाठ लाकडापासून दूर ठेवून ताठ बसले होते.

“बुडबुडे येऊन राह्यले,” मी म्हणाले.

“कुठून?”

“तुमच्या जोडाच्या बाजूनं. तडा तिकडं गेला.”

त्यांनी टाकी पुसली. सोल्डरिंग माझ्या हातात दिलं.

“तू कर. मले नाई होत.”

मी केलं. कसं करायचं ते मिस्टर सांगत होते, आणि सांगणं अगदी बरोबर होतं. फार दाबू नको, खालचं प्लास्टिक आधी मऊ होऊ दे, मग पट्टी लाव. पण माझ्या हाताला ती सवय नव्हती. प्लास्टिकही जुनं, पापडासारखं झालेलं. एका जागी जरा जास्त थांबले आणि आरपार भोक पडलं. ते बुजवलं, तर शेजारून नवा तडा निघाला. मग तोही जोडला. शेवटी टाकीत थोडं पेट्रोल घालून ती पेपरवर ठेवली. पेपरवर ओला डाग उमटला आणि सावकाश पसरला. मिस्टरांना तो वासावरूनच कळला असावा, कारण या वेळी त्यांनी विचारलं नाही.

“राहू द्या भाऊ,” ते गृहस्थ म्हणाले. “मी पाठीच्या अन् पंपाच्या मधात फडकं बांधतो.”

“फडकं नका बांधू. तो पंप पाठीवर घेऊच नका,” मिस्टर म्हणाले.

“मंग करू काय?”

त्या गृहस्थांनी टाकी परत पिशवीत घातली, मला ‘वयनी, येतो’ म्हणाले आणि गेले. पुढे बाजारात एकदा भेटले तेव्हा सांगत होते, खताच्या थैलीचं प्लास्टिक पाठीला बांधून फवारतो, जळजळ होतेच.

टाकी परत गेली त्या संध्याकाळी मिस्टरांनी टपरीला कुलूप लावायला मला सांगितलं. किल्ली मी त्यांच्या हातात ठेवायला गेले, तर त्यांनी हात पुढे केला नाही. नंतर टपरीवर ते गेले नाहीत आणि मीही चला म्हटलं नाही. डावा डोळाही आता पुरता गेला आहे. दिवसभर पलंगावर पडून असतात, जेवायला उठवावं लागतं. कधीकधी अजूनही कोणी तरी पंप घेऊन दारात येतो, चालू होत नाही, जरा सांगता का म्हणतो. दोरी ओढल्यावर इंजिन कसं गुरगुरून बंद पडतं ते आत ऐकू येतं. काय बिघडलंय ते त्यांना तेवढ्यावरून कळत असणार.

“मले आता काई आठवत नाई,” ते म्हणतात आणि भिंतीकडे कूस वळवतात. दारातल्या माणसाला परत पाठवायला मी बाहेर जाते.