निळ्या घराचा पत्ता

त्या जुन्या पेठेत घरांना नंबर नाहीत, रंग आहेत. गुलाबी घरात सूप, पिवळ्यात पाव आणि निळ्यात मालकीणबाईंचा बार. तिथले तळलेले मासे आणि आलं-लिंबू घातलेली कडक दारू एकदा चाखली, की माणूस वाट वाकडी करून परत येतो. रंग बदलायचा तर आधी गल्लीला विचारायचं, हा तिथला कायदाच.

आणि बाईंच्या नवऱ्याने, जन्म रंगकामात घालवलेल्या माणसाने, बायको बाजारात गेली असताना घराचं अख्खं तोंड हिरवं करून टाकलं!

"अहो, हे काय करून ठेवलंत?" बाईंनी कपाळावर हात मारला. "आज तो गाइड पाहुणे घेऊन येणार ना! त्यांना आवडलं तर दर शनिवारी आणणार होता!"

"छान दिसतंय की," नवरा ब्रश धुता धुता म्हणाला.

"डोंबल तुमचं छान!"

व्हायचं तेच झालं. गाइड नवखा. निळं घर शोधत पुढे गेला आणि सगळी वरात गल्लीच्या टोकाला शिंप्याच्या निळसर दुकानात नेऊन बसवली. शिंप्याला वाटलं, लग्नाचे कपडे शिवायचे असतील. लागला मापं घ्यायला. पिठाच्या हातांनी बाई धावत पोचल्या, तोवर मंडळी वैतागून गुलाबी घरात सूप ओरपत होती. इकडे कढईतले मासे करपले ते वेगळंच.

बाई तणतणत परतल्या. "जन्मभर लोकांची घरं विचारून रंगवलीत आणि स्वतःच्या घराची वाट लावलीत! कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

नवरा खाली बघत म्हणाला, "काल पाव आणायला गेलो होतो. येताना घर सापडेना."

"म्हणजे?"

"हिरवं घर शोधत होतो गं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा होतं ना, तसं. गल्लीत वर-खाली फिरत राहिलो. कुणाला विचारायची लाज वाटली. म्हटलं, पुन्हा असं झालं तर?"

बाईंच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

संध्याकाळी शिंपी फणफणत आला. "वहिनी, घराला निळा रंग परत कधी देताय? माझ्या दुकानात लोक मासे मागतायत!"

"देणार नाही," बाई खेकसल्या. "तो गाइड गेला खड्ड्यात! भावोजी, गुमान बसा, मासे खा. आणि हे कधी गल्लीत घुटमळताना दिसले, तर एवढंच सांगा, हिरवं घर इकडे आहे."